अनोळखी इसम

मंगळवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी उच्च न्यायालयाच्या खंडपीठासमोर अपील पुकारले गेले. अपीलकर्ता गोपाल खोडके, वय बेचाळीस, खुनाबद्दल जन्मठेप, कारागृहातून पडद्यावर हजर. त्याच्या वकील मीरा काळमेघ यांनी एकच अर्ज पुढे केला: खटल्यातील एकमेव प्रत्यक्ष साक्षीदार ज्योत्स्ना पुंडकर यांची स्मृतिवय चाचणी व्हावी. सरकारी वकिलांनी हरकत घेतली. दोन्ही न्यायमूर्ती एकमेकांकडे झुकून थोडे बोलले आणि साक्षीदाराची संमती असल्यास अर्ज मंजूर, असे ज्येष्ठ न्यायमूर्तींनी सांगितले. लगेच पुढचे प्रकरण पुकारले गेले. पडद्यावरचा खोडके अजून हात जोडून उभा होता. कोणीतरी पडदा बंद केला.

अपील दाखल होऊन अकरा वर्षे झाली होती. खोडकेचा पहिला वकील वारला, दुसऱ्याने वकिली सोडली. काळमेघ तिसऱ्या. त्यांना विधी साहाय्य समितीने नेमले होते आणि त्यांच्याकडे अशी आणखी साठेक प्रकरणे होती.

अपील म्हणजे खटला पुन्हा चालवणे नव्हे. साक्षीदार पुन्हा पिंजऱ्यात येत नाहीत. खालच्या कोर्टात झालेल्या साक्षी, पंचनामे आणि निकालपत्र यांचे एक जाडजूड पुस्तक तयार होते आणि वरचे न्यायाधीश ते वाचतात. खालच्या न्यायाधीशाने साक्षीदाराचा चेहरा पाहिलेला असतो, वरच्यांना फक्त शब्द मिळतात. त्यामुळे साक्षीदार खरा वाटला असे खालच्या न्यायाधीशाने लिहिले असेल, तर वरचे कोर्ट सहसा त्याला हात लावत नाही. नवा पुरावा अपिलात घेता येतो, पण क्वचित. निदान चार वर्षांपूर्वीपर्यंत तरी क्वचितच घेतला जात असे. मग ही चाचणी आली आणि कागदावर गोठलेल्या साक्षी पुन्हा हलू लागल्या. सही केली की आपले काम संपले, असे समजून घरी गेलेल्या माणसांच्या दारात पुन्हा नोटिसा येऊ लागल्या.

ज्योत्स्नाची नोटीस वजनकाट्यावर आली.

काटा अकोल्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, कापसाची सरकी काढणाऱ्या एका जिनिंगच्या समोर आहे. नवऱ्याच्या पश्चात तो ती एकटी चालवते. गाडी आधी भरलेली चढते, माल उतरवून रिकामी चढते, दोन्हींतला फरक तो कापूस. कोर्टाचा बेलिफ आला तेव्हा ती एका ट्रकचे रिकामे वजन घेत होती. तिने हातानेच त्याला थांबवले, पावती फाडली आणि मग सही केली.

"ताई, नाही म्हणायचा हक्क आहे तुम्हाले," बेलिफ म्हणाला. "खाली लिहिलंय. मागच्या हप्त्यात दोघांनी नाही म्हटलं."

"मग त्यांचं काय झालं?"

"काय होते? अपील पुढं गेलं. कोर्ट म्हणते, नकाराचा अर्थ काढणार नाही." तो पेन खिशात अडकवत म्हणाला, "आता मनात काय काढते ते कोणाले माहीत."

संध्याकाळी तिचा दीर राजेंद्र आला. खटल्याच्या वेळी तारखांना तिला नेणे-आणणे, सरकारी वकिलांना भेटणे, सगळे त्यानेच केले होते.

"वहिनी, कायले जाता तिथं? टोपी घालतात म्हणे डोक्यात. अन् मग आपल्यालेच टोपी घालतात."

"मी खरं सांगितलं आहे ना भाऊजी? मग भ्यायचं कायले?"

"खरं सांगितलं म्हणूनच म्हणतो. दादाचा माणूस मारला त्यानं... म्हणजे दादाले मारलं त्यानं." राजेंद्रची जीभ या विषयावर नेहमी अडखळे. "बारा वर्षांनी पुन्हा उकरायचं. कोणाच्या फायद्याचं?"

तिने काही दिवसांनी संमतीपत्रावर सही केली.

घटना अशी होती. फेब्रुवारीतली संध्याकाळ, दिवस मावळत आलेला. काट्यामागच्या घरातून ज्योत्स्ना नवऱ्यासाठी, प्रमोदसाठी, चहा घेऊन निघाली. काट्याच्या केबिनमधून एक माणूस बाहेर पडला, तिच्यासमोरून चार-पाच हातांवरून गेला आणि रस्ता ओलांडून दिसेनासा झाला. आत प्रमोद जमिनीवर होता, पोटात चाकूचे वार. गल्ला उघडा. दवाखान्यात नेईपर्यंत तो गेला. फिर्यादीत तिच्या तोंडी पोलिसांचे शब्द आले: 'एका अनोळखी इसमाने'. आठवड्याभरात समोरच्या जिनिंगमध्ये हमाली करणारा गोपाल खोडके पकडला गेला. त्याने काढून दिला म्हणून चाकू दाखवला गेला, पण पंच कोर्टात फिरले. उरली ती ओळख परेड.

परेड कारागृहात झाली. खोडकेच्या भुवईवर जुनी खूण होती, म्हणून नायब तहसीलदारांनी नियमाप्रमाणे रांगेतल्या सातही जणांच्या भुवईवर सारखीच चिकटपट्टी लावली. ज्योत्स्ना आत आली आणि थेट खोडकेसमोर जाऊन उभी राहिली. 'साक्षीदाराने क्षणाचाही विलंब लावला नाही,' असे नायब तहसीलदारांनी लिहिले. सत्र न्यायाधीशांनी हे वाक्य निकालपत्रात जसेच्या तसे उतरवले. जन्मठेप त्या वाक्यावर उभी होती.

प्रयोगशाळा विद्यापीठाच्या आवारात, एका जुन्या वसतिगृहाच्या इमारतीत होती. बाहेरच्या बाकावर चार गावांचे चार साक्षीदार डबे मांडीवर घेऊन बसले होते. डॉ. शिरीन काझी यांनी ज्योत्स्नाला सगळे समजावून सांगितले. दिवसातून कितीतरी वेळा सांगत असल्याने त्यांचा आवाज सपाट झाला होता.

नवी आठवण मेंदूच्या खोल भागात, हिप्पोकॅम्पसमध्ये, आधार धरून असते. महिने-वर्षे जातात तशी ती हळूहळू वरच्या थरांत मुरते. खालचा आधार किती उरला आणि वरचा किती झाला, यावरून तिचे वय काढता येते. चेहरा ओळखताना मेंदूत उठणारे अतिशय क्षीण चुंबकीय बदल टोपीतले संवेदक टिपतात. शिवाय आठवण प्रत्येक वेळी काढली की थोडी उघडते आणि पुन्हा बसताना एक नवा थर घेऊन बसते. ते थरही दिसतात. पहिला थर कधीचा, एवढे चाचणी सांगते.

"खरं का खोटं, ते?"

"नाही सांगत. फक्त जुनं किती ते."

ज्योत्स्नाने थोडा विचार केला. "रिकामं वजन घेता का आधी?"

डॉक्टरांना क्षणभर कळले नाही. मग त्या हसल्या. "घेतो. तुमचं लग्न, मुलीचा जन्म, ज्यांच्या तारखा पक्क्या आहेत अशा गोष्टींचे फोटो आधी दाखवतो. प्रत्येकाचा मेंदू वेगळ्या वेगाने मुरवतो. तरी महिनाभर इकडेतिकडे धरावं लागतं."

टोपी जड नव्हती. पडद्यावर चेहरे येत गेले. अनोळखी, अनोळखी, तिची सासू, अनोळखी, खोडके.

अहवाल कोर्टात उघडला गेला. पोलिसांनी परेडच्या आधी साक्षीदाराला फोटो दाखवला असावा, ही काळमेघ यांची शंका होती. तसे असेल तर पहिला थर घटनेनंतरचा निघेल, अशी त्यांची अपेक्षा होती. तो निघाला घटनेच्या दोन ते चार महिने आधीचा. खुनाच्या संध्याकाळी हा चेहरा ज्योत्स्नासाठी नवा नव्हता.

मग ज्येष्ठ न्यायमूर्तींनी आदेश लिहवून घेतला: साक्षीदाराला परत बोलवावे. तिला एकच प्रश्न विचारायचा आहे, हा चेहरा तिने आधी कुठे पाहिला होता.

राजेंद्रला हे आधी आनंदाचे वाटले. "म्हणजे ओळख पक्कीच झाली की."

ज्योत्स्ना केबिनच्या दारात उभी होती. जिनिंगचा भोंगा झाला आणि हमाल रस्ता ओलांडून पाण्याला आले. प्रमोदने त्यांच्यासाठी दोन रांजण ठेवले होते. आता तिथे थंड पाण्याची टाकी होती, पण माणसे तशीच येत होती. डोक्याला कापसाचा भुगा, गळ्यात रुमाल, एकामागून एक वाकून पाणी पिणारी. ती त्यांच्याकडे बघत राहिली. दिवाळीनंतर हंगाम सुरू होतो. दिवाळी ते फेब्रुवारी, तीन-साडेतीन महिने.

"भाऊजी," ती म्हणाली, "तो इथं पाणी प्यायचा."

"कोण?"

"तो. मी रोज बघत असन त्याले. तोंड बघितलं, पण माणूस बघितला नाही. म्हणून परेडमध्ये ओळखीचं तेवढं एकच तोंड होतं."

राजेंद्रने रस्त्याकडे पाहिले. तो तारखांना बसून बसून कोर्ट शिकला होता. "वहिनी, फिर्यादीत अनोळखी इसम लिहिलंय. आता तुम्ही म्हणाल, रोज पाण्याले येणारा होता, तर ते विचारतील, मग त्या दिवशी नाव-गाव नाही तर निदान 'समोरचा हमाल' असं काहून नाही सांगितलं? एका वाक्यात सुटते तो."

"मग काय सांगू?"

"आठवत नाही म्हणा. बारा वर्षं झाली. कोणाले आठवते?"

"अन् तो तोच असला तर?"

"तोच आहे."

"अन् नसला तर?"

राजेंद्र उठला. "तुम्ही दादाच्या बाजूनं आहात का त्याच्या, ते एकदा ठरवा," असे म्हणून त्याने गाडी सुरू केली. त्यानंतर तो काट्यावर आलेला नाही.

तारखेला ज्योत्स्नाने कोर्टाला पाण्याचे सांगितले. ज्येष्ठ न्यायमूर्तींनी दोनदा विचारले, तिने दोनदा तेच सांगितले. त्यांनी पडद्याकडे वळून खोडकेला विचारले, यावर त्याला काही म्हणायचे आहे का. खटल्यात आरोपीला न्यायाधीश थेट प्रश्न विचारतात. तेव्हा खोडकेने प्रत्येक प्रश्नाला 'खोटं आहे' किंवा 'माहीत नाही' एवढेच उत्तर दिले होते. काटा माहीत आहे का, यालाही 'माहीत नाही'.

"साहेब, पाणी प्यायचो मी तिथं," खोडके म्हणाला. आवाज पडद्यावरच्या चित्राच्या थोडा मागून येत होता. "बाईच्या पोरीले लेमनच्या गोळ्या द्यायचो. वकिलाले सांगितलं होतं. ते म्हणे, हे बोलू नको, तिथं जातो म्हटलं की ओळख पक्की होते. सगळ्याले नाहीच म्हण. म्हणून मी नाहीच म्हटलं."

"काटा माहीत नाही, हे तुम्ही कोर्टाशी खोटं बोललात."

"हो साहेब."

"मग आता खरं बोलता हे कशावरून?"

"ते काही माझ्या हातात नाही राहिलं, साहेब."

जी गोष्ट त्याला वाचवू शकली असती, ती त्याच्याच वकिलाने शहाणपणाने झाकली होती. तो वकील आता विचारायला हयात नव्हता. पण पाणी पिणारा माणूस चाकू चालवू शकत नाही, असेही कुठे नव्हते. सरकारी वकिलांनी तेच म्हटले: गल्ला कुठे असतो, ते पाण्याला येणाऱ्यालाच माहीत.

तेव्हा कोर्टाने दुसरी चाचणी सुचवली. तिला जोड चाचणी म्हणतात. चेहरा कोणत्या जागेशी बांधलेला आहे, ते ती पाहते: रांजणाशी, की केबिनच्या दाराशीही. त्यासाठी साक्षीदाराला टोपी घालून ती संध्याकाळ सुरुवातीपासून शेवटपर्यंत आठवावी लागते.

या वेळी डॉ. काझींचा आवाज सपाट नव्हता. त्यांनी दार लावून घेतले.

"तुमची आठवण फार कमी हाताळलेली आहे. खटल्यानंतर जवळजवळ काढलेलीच नाही. खरं ना?"

"कोणाले सांगणार?"

"म्हणूनच ती कोर्टाच्या उपयोगाची आहे. पण एकदा इतकी पूर्ण उघडली, वर चित्रं दाखवली, प्रश्न विचारले, की ती जशी होती तशी परत बसेलच असं नाही. काही साक्षीदारांच्या तपशिलात बदल झालाय. आणि बदल झालाय हे त्यांना कळत नाही. तेव्हा सही करण्याआधी विचार करा. दुसरं म्हणजे, करायची असेल तर तोपर्यंत त्या संध्याकाळबद्दल कोणाशी बोलू नका. घरातही. बोललात की नवा थर पडतो."

मुलगी गार्गी अमरावतीला फार्मसी शिकते. शनिवारी ती घरी आली. केबिनमध्ये दोघी वांग्याची भाजी-पोळी खात होत्या.

"मला ती संध्याकाळ तू कधीच सांगितली नाहीस," गार्गी म्हणाली.

"तू विचारली नाहीस."

"विचारली होती. आठवीत होते. तू म्हणालीस, गाडी आली, थांब."

"आली असन गाडी."

"रोजच येते आई, गाडी." गार्गीने पोळीचा तुकडा तसाच ठेवला. "बाबा काही बोलले होते का?"

बोलला होता. जमिनीवर पडल्या पडल्या प्रमोद एक वाक्य बोलला होता, गार्गीबद्दल. पोलिसांनी विचारले होते, मारणाऱ्याबद्दल काही म्हणाले का. ती नाही म्हणाली, आणि तेवढेच लिहिले गेले. बाकीचे कोणी विचारले नाही. ते वाक्य कुठल्याच कागदावर नव्हते. ते फक्त तिच्याजवळ होते, आणि न काढता ठेवल्यामुळे होते तसे होते.

"बोलले," ती म्हणाली.

"काय?"

"आता नाही सांगता येत."

"का?"

ज्योत्स्नाने डॉक्टरांचे म्हणणे सांगितले. गार्गीला ते पटकन समजले, आणि समजल्यामुळेच तिचा चेहरा कठीण झाला.

"म्हणजे आधी मला सांगितलंस तर कोर्टासाठी खराब होतं. आणि आधी कोर्टाला दिलंस तर माझ्यासाठी."

"होईलच असं नाही."

"पण होऊ शकतं."

"हो."

बाहेर एका ट्रकने हॉर्न दिला. ज्योत्स्ना उठली नाही. "तुले आठवते का तो? गोळ्या द्यायचा म्हणतो."

"पिवळ्या गोळ्या आठवतात," गार्गी म्हणाली. "पण तू मला फोनवर सांगितल्यापासून आठवतात. त्याच्या आधी आठवत होत्या का, ते नाही सांगता येत." मग थोड्या वेळाने म्हणाली, "तो सुटला तर बाबांचं काय?"

"तुझ्या बाबांचं जे व्हायचं ते झालं. हा अजून आत आहे."

"माझ्यापेक्षा तो जास्त झाला?"

"तसं नाही ग." ट्रकवाल्याने पुन्हा हॉर्न दिला. गार्गीने दोघींची ताटे उचलली आणि धुवायला नेली. रविवारी सकाळच्या गाडीने ती गेली. जाताना नेहमीसारखी पाया पडली, बोलली मात्र नाही.

ज्योत्स्नाने सही केली.

दुसऱ्या चाचणीचा अहवाल पाच पानांचा आहे. त्याचा सारांश असा: चेहरा आणि पाण्याची जागा यांची जोड ठळक आणि घटनेच्या आधीची. चेहरा आणि केबिनचे दार यांचीही जोड आहे, पण ती घटनेच्या संध्याकाळी पडली की दहा-बारा दिवसांनी परेडमध्ये तो चेहरा निवडल्यावर मागाहून पडली, हे वेगळे काढता येत नाही. घटना आणि परेड यांतले अंतर चाचणीच्या महिनाभराच्या त्रुटीमर्यादेपेक्षा कमी आहे. साक्षीदार प्रामाणिक आहे का, हा प्रश्न चाचणीच्या कक्षेत येत नाही, असे शेवटी लिहिले आहे.

युक्तिवाद दोन दिवस चालला. काळमेघ म्हणाल्या, जे वेगळे काढता येत नाही त्याचेच नाव संशय, आणि संशयाचा फायदा आरोपीला. सरकारी वकील म्हणाले, यंत्राला दिसत नाही म्हणून बाईने पाहिलेच नाही असे होत नाही. नाहीतर या चाचणीपुढे देशातली एकही ओळख टिकणार नाही. न्यायमूर्तींनी दोघांनाही मध्ये न थांबवता ऐकून घेतले. निकाल राखून ठेवला. बाहेर काळमेघ ज्योत्स्नाला भेटल्या. नमस्कार करून पुढच्या दालनात गेल्या. तिथे त्यांचे दुसरे अपील पुकारले जात होते.

ज्येष्ठ न्यायमूर्ती या शुक्रवारी निवृत्त होत आहेत. त्याआधी निकाल दिला गेला नाही, तर अपील दुसऱ्या पीठापुढे पहिल्यापासून ऐकावे लागेल. अहवाल कागदपत्रांत राहील. पुढच्या पीठाने पुन्हा चाचणी मागितली तर उपयोग होणार नाही, असे डॉ. काझींनी लेखी कळवले आहे.

या मंगळवारी गार्गी सुट्टी नसताना घरी आली. काटा बंद करेपर्यंत ती केबिनमध्ये बसून राहिली.

"आता सांग," ती म्हणाली.

ज्योत्स्नाने सांगायला सुरुवात केली. चहाचा कप, दार, जमीन. प्रमोदच्या वाक्यापाशी ती थांबली.

"म्हणाले, गार्गीले इकडे येऊ देऊ नको." मग तिने डोळे मिटले आणि पुन्हा उघडले. "नाही तर म्हणाले, गार्गीले इकडे आण."

"दोन्हीतलं कोणतं, आई?"

"आधी एकच होतं. आता दोन्ही त्यांच्याच आवाजात ऐकू येतात."

गार्गीने तिला पुन्हा विचारले नाही. त्या रात्री ती राहिली आणि सकाळीही परत गेली नाही. दिवसभर काट्यावर पावत्या तिनेच फाडल्या.

खोडकेला बुधवारी दुपारी बराकीतून बोलावून सांगण्यात आले की निकाल कोणत्याही दिवशी येईल, तोवर सुटकेच्या आशेने सामान बांधू नये. संध्याकाळी कोर्टाचे दुसऱ्या दिवसाचे बोर्ड, म्हणजे त्या दिवशीच्या प्रकरणांची यादी, लागले. गार्गीने ते काट्यावरच्या फोनवर वरपासून खालपर्यंत वाचून दाखवले. गुरुवारच्या बोर्डावर हे अपील नाही. शुक्रवारचे बोर्ड अजून लागलेले नाही.